सीमेवरच्या गावाने हाताची विद्या कोणाकडे मागावी?

मोहगावच्या थांब्यावर पहाटेच्या पहिल्या गाडीची वाट पाहत जी मंडळी उभी असतात, त्यांत अलीकडे तरुण मुलांची संख्या अधिक दिसू लागली आहे, ही गोष्ट आमच्या व्यापारी बंधूंच्या नजरेतून सुटली नसेल. दुकानाच्या फळ्या काढता काढता आपण ती मुले रोज पाहतो. कोणाच्या हाती जेवणाचा डबा असतो, तर कोणाच्या हाती पिशवीत घडी न मोडता जपलेले दाखले. काही सौंसरला उतरतात, काही बोरगावच्या कारखान्यांकडे वळतात आणि पुष्कळशी राज्याची सीमा ओलांडून नागपूरला जातात. सायंकाळी त्यांतील काही परत येतात तेव्हा डबा रिकामा झालेला असतो, परंतु दाखल्यांची पिशवी होती तशीच असते.

या मुलांच्या हातास विद्या कोणी द्यावी, असा प्रश्न आम्ही या वर्षीच्या स्मरणिकेसाठी निवडला आहे. शासनाने द्यावी हे उत्तर सोपे आहे. परंतु कोणत्या शासनाने, हा प्रश्न मोहगावच्या माणसास विचारला की उत्तर तितके सोपे राहत नाही. आमची भाषा मराठी, आमच्या कापसाची आणि संत्र्याची मोठी पेठ नागपूर, सोयरीक काटोल-सावनेरपासून अमरावतीपर्यंत, आणि राज्यकारभार मात्र भोपाळचा व हिंदीतला. सर्पा नदीकाठचे आमचे अर्धनारीश्वराचे देवस्थान दोन रूपे एका देहात सामावून घेते, त्याचप्रमाणे हे गावही दोन प्रांतांचे जिणे एका अंगावर वागवीत आले आहे. देवाच्या बाबतीत जे शोभून दिसते, ते मुलांच्या दाखल्यांच्या बाबतीत अडचणीचे ठरते, एवढाच काय तो फरक.

पेढीवरची शाळा

व्यापारी कुळात जन्मलेल्या मुलास पूर्वी धंद्याचे शिक्षण कोठे मिळत असे, याची आठवण ज्येष्ठ सभासदांस करून देण्याची आवश्यकता नाही. पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ झाली की मुलगा गादीच्या कोपऱ्यात बसू लागे. प्रथम झाडलोट, मग तराजू, मग उधारीची वसुली, मग रोकड आणि शेवटी खतावणी, अशा पायऱ्या ठरलेल्या असत. मुनीम रागावे, वडील त्याहून अधिक रागावत. परंतु पाच-सहा वर्षांनी त्या मुलास माल पारखता येई, माणूस पारखता येई आणि नामे-जमेचा मेळ घालता येई.

धंदेशिक्षणाचा हा विचार आमच्या परंपरेस परका नाही. भगवान ऋषभदेवांनी लोकांस असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकविली, असे आमच्या पुराणांत सांगितले आहे. वाणिज्य आणि शिल्प एकाच पंक्तीस बसविलेले आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ब्राह्मी आणि सुंदरी या कन्यांस त्यांनी अनुक्रमे लिपी व अंकविद्या दिली, हेही तितकेच लक्षात ठेवण्याजोगे. ज्यांच्या आद्य गुरूंनी राज्य करताना प्रजेच्या हातास काम शिकविणे हे राजाचे कर्तव्य मानले, त्यांनी आजच्या राजसत्तेकडून तीच अपेक्षा ठेवली तर त्यात गैर काय?

तथापि पेढीवरच्या त्या शाळेत एक मोठी उणीव होती. ती घरच्या मुलांपुरती होती. हमालाच्या, विणकराच्या, भूमिहीन मजुराच्या मुलास तिचे दार सहसा उघडत नसे. उघडले तरी तराजूपाशी थांबे, वहीपर्यंत जात नसे. ही उणीव भरून काढण्यासाठीच शासन या क्षेत्रात उतरले, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

प्रांतिक शासनांची कामगिरी

आमचा भाग तेव्हा मध्यप्रांत आणि वऱ्हाडात होता व राजधानी नागपूर होती. १९३७ साली प्रांतिक स्वायत्तता आली आणि नागपुरात डॉ. ना. भा. खरे यांचे मंत्रिमंडळ स्थापन झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वर्ध्यास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हस्तव्यवसायास केंद्रस्थानी ठेवणाऱ्या मूलोद्योग शिक्षणाचा विचार देशापुढे आला. शिक्षणमंत्री पंडित रविशंकर शुक्ल यांनी या प्रांतासाठी विद्यामंदिर योजना मांडली. शाळेस जमीन असावी, त्या जमिनीच्या उत्पन्नातून शाळा चालावी आणि मुलाने अक्षराबरोबर कामही शिकावे, अशी ती कल्पना. नावावरून वाद झाले, १९३९ साली मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि योजना मोठी होण्यापूर्वीच मागे पडली. परंतु प्रांताच्या शासनाने गावच्या मुलाच्या हातांचा विचार केल्याचे ते आमच्या भूमीवरील ठळक उदाहरण होय. त्या योजनेपासून घ्यावयाचा धडाही स्पष्ट आहे: जे शिक्षण मंत्रिमंडळाबरोबर येते ते मंत्रिमंडळाबरोबर जाऊ शकते, ते टिकवावयाचे तर गावात त्याचे कोणीतरी धनी असावे लागतात.

स्वातंत्र्यानंतर १९५० साली केंद्र सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली. आज ज्यांस आपण आयटीआय म्हणतो त्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था याच योजनेतून उभ्या राहिल्या. जोडारी, वीजतंत्री, कातारी, संधाता असे व्यवसाय तेथे शिकविले जाऊ लागले. पुढे १९५६ साली या संस्थांचा दैनंदिन कारभार राज्य शासनांकडे देण्यात आला आणि १ एप्रिल १९६९ पासून त्यांच्या खर्चाचा भारही राज्यांवर आला. अभ्यासक्रमाचा दर्जा देशभर एकसारखा राहावा म्हणून १९५६ सालीच राष्ट्रीय परिषद नेमण्यात आली, तिचे कार्य पुढे २०१८ साली स्थापन झालेल्या नव्या राष्ट्रीय परिषदेकडे गेले.

१९५६ हे साल आमच्या वाचकांस दुसऱ्याच कारणाने स्मरत असेल. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, नागपूर राजधानीपदावरून उतरले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर आमची सौंसर तहसील नव्या मध्य प्रदेशात राहिली. ज्या वर्षी मुलांच्या प्रशिक्षणाची किल्ली राज्यांच्या हाती आली, त्याच वर्षी आमचे राज्य आणि आमची पेठ एकमेकांपासून वेगळी झाली. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, परंतु मोहगावच्या मुलावर दोहोंचा परिणाम एकत्रच झाला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर-पांढुर्णा या दोन्ही तहसिली त्यात आल्या. जिल्ह्याचे ठिकाण त्यामुळे बदलले, परंतु राज्याची रेघ जेथे होती तेथेच आहे.

घटनेच्या दृष्टीनेही हा विषय दोन घरांचा आहे. कामगारांचे व्यावसायिक व तांत्रिक प्रशिक्षण हा विषय आरंभापासून समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र व राज्य दोघांच्या अधिकारात होता. शिक्षण मात्र राज्यांचे होते. १९७६ सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तेही समवर्ती सूचीत आले. व्यवहारात असे घडते की नियम बहुधा दिल्ली करते, आणि इमारत, यंत्रे, निदेशक व प्रवेश हे राज्य पाहते. निदेशकाची जागा रिकामी राहिली तर यंत्र झाकलेलेच राहते आणि मुलगा वहीत यंत्राचे चित्र काढून उत्तीर्ण होतो. म्हणून मुलाच्या नशिबी चांगले शिक्षण येणार की वाईट, हे बऱ्याच अंशी राज्य शासनाच्या दक्षतेवर ठरते.

दोन राज्ये, दोन योजना

अलीकडे दोन्ही राज्यांनी तरुणांसाठी ज्या योजना काढल्या, त्या व्यापाऱ्यांनी बारकाईने पाहण्याजोग्या आहेत. मध्य प्रदेश शासनाने २०२३ साली 'मुख्यमंत्री सीखो-कमाओ' योजना जाहीर केली. राज्याच्या रहिवासी असलेल्या १८ ते २९ वर्षांच्या तरुणाने एखाद्या आस्थापनेत वर्षभर काम शिकावयाचे आणि शिकताना विद्यावेतन घ्यावयाचे, असे तिचे स्वरूप. बारावी झालेल्यास ८,०००, आयटीआय झालेल्यास ८,५००, पदविकाधारकास ९,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये दरमहा असे दर ठरविण्यात आले. त्यातील ७५ टक्के शासनाने आणि २५ टक्के आस्थापनेने द्यावयाचे. म्हणजे बारावी झालेल्या मुलामागे शासनाचे ६,००० आणि दुकानदाराचे २,००० रुपये. ही योजना केवळ कारखान्यांसाठी नव्हती. व्यापार, हिशेब, किरकोळ विक्री ही क्षेत्रेही तीत धरलेली होती.

महाराष्ट्र शासनाने २०२४ साली 'मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण' योजना जाहीर केली. तीत बारावी झालेल्यास ६,०००, आयटीआय वा पदविका झालेल्यास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये असे विद्यावेतन ठरले व मुदत आरंभी सहा महिन्यांची ठेवण्यात आली. वयोमर्यादा १८ ते ३५. येथेही अट तीच: उमेदवार महाराष्ट्राचा रहिवासी असावा.

दोन्ही शासनांस दोष देता येणार नाही. आपल्या करदात्यांचा पैसा आपल्या रहिवाशांवर खर्च करावा, ही भूमिका न्याय्यच आहे. परंतु मोहगावचा मुलगा नागपूरच्या एखाद्या दुकानात शिकावयास गेला, तर महाराष्ट्राची योजना त्यास आपला मानीत नाही. आमच्या परिचयाचा एक मुलगा असाच एका संस्थेत गेला होता. त्याने मराठीत लिहिलेला अर्ज वाचून तेथील लेखनिकाने त्यास आपुलकीने बसविले, चहा विचारला, आणि रहिवासाच्या रकान्याशी येताच अर्ज परत केला. "तुझी भाषा चालते, पण तुझा जिल्हा चालत नाही," असे तो मुलगा घरी येऊन हसत सांगत होता. ते हसणे आम्हास फार दिवस आठवत राहिले.

या कोंडीतून एक वाट आहे आणि ती पुष्कळांस ठाऊक नाही, म्हणून येथे मुद्दाम लिहितो. १९६१ सालचा शिकाऊ उमेदवार अधिनियम हा केंद्राचा कायदा आहे. त्यात उमेदवाराची पात्रता वय, शिक्षण आणि शारीरिक क्षमता यांवर ठरविलेली आहे. तो कोणत्या राज्यात राहतो, ही अट त्यात नाही. नियमांत २०१९ साली सुधारणा झाली. ३० किंवा अधिक माणसे कामास असलेल्या आस्थापनेस शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले, आणि चार किंवा अधिक माणसे असलेल्यास ते ऐच्छिक राहिले. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १,५०० रुपयांपर्यंत, केंद्राने उचलण्याची तरतूद करण्यात आली. आमच्या पेठेत चार माणसे कामास असलेली दुकाने थोडी नाहीत. परंतु त्यांपैकी किती दुकानांत रीतसर नोंदविलेला एक तरी उमेदवार आहे, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या मनाशीच द्यावे.

आमच्याच पेढीवरची गोष्ट

दुसऱ्यांस उपदेश करण्यापूर्वी आमच्याच हातून घडलेली चूक सांगणे योग्य होईल. आमच्या पेढीवर एका हमालाचा मुलगा कामास होता. आला तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा, गेला तेव्हा तेवीसचा. कापसाची मूठ हाती घेऊन तंतू दोन्ही चिमटींत ओढून तो लांबी सांगे, आणि ओल किती हे तळहाताने ओळखे. आमचा अंदाज चुकला तर चुके, त्याचा सहसा चुकत नसे. संत्र्याच्या दिवसांत बागेतून आलेल्या मालाची प्रतवारी तो एकटा पाही. आम्ही त्यास पगार वेळेवर दिला, दिवाळीस कपडे दिले, त्याच्या बहिणीच्या लग्नास हातभार लावला, आणि आपण आपले कर्तव्य केले असे समाधान मानले.

एक दिवस तो समोर येऊन उभा राहिला. जवळच्या एका कारखान्यात माल पारखण्याच्या खात्यात जागा निघाली होती, पगार आमच्या दुपटीहून अधिक होता आणि दाखला मागितला होता. तो म्हणाला, "शेठजी, मी तुमच्याकडे काय शिकलो, तेवढे एका कागदावर लिहून द्या." आम्ही कागद पुढे ओढला, लेखणी उचलली आणि लिहिले: 'सदर इसम प्रामाणिक व मेहनती आहे.' पुढे काय लिहावे ते आम्हास सुचेना. सहा वर्षे तो मुलगा रोज आमच्या डोळ्यांसमोर शिकत होता. परंतु काय शिकला, किती शिकला, कशात पक्का आणि कशात कच्चा, याची एका ओळीची नोंद आमच्या वहीत नव्हती. पैशापैशाची नोंद ठेवणाऱ्या पेढीत माणसाच्या विद्येचे खाते उघडलेलेच नव्हते. आमच्या त्या दीड ओळीच्या पत्रास कारखान्याने अर्थातच किंमत दिली नाही. त्याची जागा गेली. तो काही दिवस आमच्याकडे राहिला, पण मन उडाले होते. शेवटी नागपूरला एका गोदामात ओझी उचलावयास गेला. ज्या हातांस तंतूची लांबी कळत होती, ते हात पुन्हा बापाच्याच कामास लागले.

या गोष्टीत शासनाचा अपराध किती आणि आमचा किती, याचा विचार आम्ही पुष्कळ केला. अनुभवाने शिकलेल्या माणसाची परीक्षा घेऊन त्यास प्रमाणपत्र देण्याची सोय, जिला पूर्वज्ञानाची मान्यता म्हणतात, ती प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत करण्यात आली होती. ही योजना २०१५ साली सुरू झाली. ती आमच्या गावापर्यंत कोणी पोहोचविली नाही, हे खरे. पण वर्तमानपत्रातील बाजारभाव आम्ही रोज शोधून वाचतो, तशी ही सोय शोधून वाचली नाही, हे त्याहून खरे.

परदेशातील एक व्यवस्था

जर्मनीत या कामाची वाटणी ज्या रीतीने केलेली आहे, ती व्यापारी संघांनी अभ्यासावी अशी आहे. तेथेही आपल्यासारखेच संघराज्य आहे. मुलगा आठवड्यातील तीन-चार दिवस दुकानात वा कारखान्यात काम शिकतो आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत जातो. शाळा घटक राज्यांच्या अखत्यारीत आहेत. दुकानातील शिक्षण कसे असावे, हे १९६९ सालच्या संघराज्याच्या कायद्याने बांधलेले आहे. आणि परीक्षा घेण्याचे व प्रमाणपत्र देण्याचे काम उद्योग-व्यापार मंडळे व कारागीर मंडळे करतात, म्हणजे स्वतः व्यापारी व कारागीरच. तेथे किरकोळ विक्रीचा व्यापारी होण्यासाठीही तीन वर्षांचे रीतसर शिक्षण आहे; दुकानदारी ही शिकावयाची विद्या आहे, हे तेथील शासनाने आणि व्यापाऱ्याने दोघांनीही मानलेले आहे.

आपल्याकडे जसेच्या तसे हे आणता येणार नाही. त्यामागे फार जुनी परंपरा आणि मंडळांस कायद्याने दिलेले अधिकार आहेत. परंतु त्यातील मर्म घेण्यासारखे आहे. राज्याने शाळा चालवावी, केंद्राने दर्जा सांभाळावा, आणि मुलास काम येते की नाही हे ज्यास त्या कामाची पारख आहे त्याने सांगावे. आमच्याकडे तिसरा पाय लंगडा आहे, आणि तो पाय आमचा आहे.

समाजातील थोरांचे उदाहरण

शासनाची वाट न पाहता किंवा शासनास सोबत घेऊन शिक्षणाचे काम उभे करणारी माणसे आपल्या समाजात झालेली आहेत. कुंभोजच्या जैन कुटुंबात १८८७ साली जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी एकेकाळी किर्लोस्करांचे नांगर विकण्याचे काम केले होते. त्या भ्रमंतीत खेड्यांचे दैन्य पाहून त्यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि 'कमवा आणि शिका' हा मार्ग सर्व जातींच्या मुलांस खुला केला. मुलाने श्रम करावे, त्या श्रमातून शिकावे आणि त्यात कमीपणा मानू नये, हा विचार त्यांनी वसतिगृहांतून रुजविला. आज दोन राज्यांची शासने 'शिकता शिकता विद्यावेतन' म्हणून जे सांगत आहेत, त्याचे मूळ शोधू गेल्यास कर्मवीरांच्या वसतिगृहापर्यंत जाता येईल.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी जहाज, विमान आणि मोटार अशा तिन्ही उद्योगांत देशी पाऊल टाकले. सांगलीस १९४७ साली निघालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयास पुढे त्यांचे नाव देण्यात आले. मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद यांनी गेल्या शतकाच्या आरंभी ठिकठिकाणी जैन वसतिगृहे उभी केली. गावाबाहेर शिकावयास गेलेल्या मुलास डोक्यावर छप्पर आणि वेळेवर जेवण मिळाले की अर्धे शिक्षण झाले, हे त्यांनी ओळखले होते. ज्ञानदान हे चार दानांपैकी एक आहे, हे आपण पर्युषणात दरवर्षी ऐकतो. हाताचे ज्ञान त्यात धरावयाचे की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

मोहगावास काय हवे

शासनाकडे मागणे मांडावयाचे तर ते नेमके असावे. सर्वत्र तेच चार व्यवसाय शिकवून मोहगावचे भागणार नाही. येथे संत्र्याची बाग आहे. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरणारा कुशल माणूस, आंबिया व मृग बहार सांभाळणारा, तोडणीनंतर प्रतवारी करून पेटी भरणारा, शीतगृह चालविणारा हे सर्व शिकविण्याजोगे व्यवसाय आहेत. नागपुरास केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. तिचे ज्ञान दोन तासांच्या वाटेवरून येथे आणण्यास राज्याची सीमा आड येऊ नये. येथे कापूस आहे. जिनिंगची यंत्रे दुरुस्त करणारा आणि तंतूची पारख करणारा हवा. गावोगाव विहिरीवरचे पंप आहेत; त्यांची गुंडाळणी करणारा आज चार गावे हिंडूनही वेळेवर सापडत नाही. बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात रेमंडची गिरणी १९९१ साली आली व तिच्याबरोबर वस्त्रोद्योगातील कुशल हातांची गरज आली. आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतर प्रत्येक दुकानास संगणकावर हिशेब ठेवणारा माणूस लागतो. हे काम मुली उत्तम करू शकतात, आणि ते घराजवळ मिळाले तर घरची माणसेही त्यांस अडविणार नाहीत. सुंदरीस अंकविद्या देणाऱ्या परंपरेने निदान यात मागे राहू नये.

भाषेचाही विचार व्हावयास हवा. शासनाची भाषा हिंदी आहे आणि ती आमच्या मुलांनी शिकावी, यात दुमत नाही. परंतु यंत्राजवळची धोक्याची सूचना, अवजाराचे नाव, मापाचा हिशेब या गोष्टी प्रथम ज्या भाषेत कळतात त्या भाषेत समजावून दिल्या तर बोट वाचते आणि वर्षही वाचते. सौंसर-पांढुर्णा भागातील संस्थांत मराठी जाणणारा निदेशक असावा, ही मागणी भाषाभिमानाची नसून सुरक्षिततेची आहे.

दोन्ही राज्य शासनांकडे आमची एक संयुक्त विनंती आहे. सीमेलगतच्या तहसिलींतील तरुणांपुरता रहिवासाचा प्रश्न आपसांत बोलून सोडवावा. सौंसरचा मुलगा नागपुरात शिकला तर त्याचे विद्यावेतन मध्य प्रदेशाने द्यावे, सावनेरचा मुलगा बोरगावात शिकला तर महाराष्ट्राने द्यावे. नद्यांच्या पाण्याचा हिशेब दोन राज्ये करू शकतात, तर मुलांच्या विद्येचा हिशेब करणे त्याहून कठीण नसावे.

आणि आपण?

शासनास सूचना करून लेख संपविणे सोपे होते, परंतु ते आमच्या मनास पटत नाही. म्हणून सभासद बंधुभगिनींपुढे काही गोष्टी नम्रपणे ठेवतो. ज्यांच्या दुकानात चार किंवा अधिक माणसे आहेत, त्यांनी पुढील वर्षभरात निदान एक शिकाऊ उमेदवार रीतसर नोंदवावा, आणि तो शक्यतो आपल्या नात्याबाहेरचा असावा. संघाच्या कार्यालयात एक माहितगार माणूस असावा, ज्याच्याकडे दोन्ही राज्यांच्या व केंद्राच्या योजनांची चालू माहिती मिळेल. योजना बदलतात, मुदती संपतात, म्हणून ही माहिती दर तीन महिन्यांनी ताजी करावी. नागपुरात वा छिंदवाड्यात शिकणाऱ्या मोहगावच्या मुलामुलींच्या निवासाची सोय संघाच्या निधीतून करता येईल का, याचा विचार येत्या सर्वसाधारण सभेत व्हावा. इमारतीवर नावाची फरशी बसविण्याइतकेच पुण्य त्यात आहे, असे आम्हास वाटते.

शेवटची गोष्ट सर्वांत लहान आणि बिनखर्चाची आहे. दिवाळीस आपण वहीपूजन करतो. त्या दिवशी रोकड व खतावणीबरोबर आणखी एक वही उघडावी. दुकानात काम करणाऱ्या प्रत्येक मुलाच्या नावे तीत एक पान असावे आणि त्यावर तारखेसह लिहावे की या महिन्यात तो काय शिकला. आमच्या पेढीवर ही वही गेल्या दिवाळीपासून सुरू झाली आहे. पहिले पान आम्ही त्या हमालाच्या मुलाच्या नावे लिहिले, आठवेल तेवढे सर्व: कापसाची लांबी, ओल, संत्र्याची प्रत, वजनातील अचूकपणा. पान भरले. त्याची प्रत सहीशिक्क्यासह आम्ही त्यास नागपुरास पाठविली आणि पूर्वज्ञानाच्या परीक्षेस बसण्याविषयी कळविले. तो बसेल की नाही, उत्तीर्ण होईल की नाही, हे आज सांगता येत नाही. परंतु जो कागद त्याने सहा वर्षांनंतर मागितला होता, तो उशिरा का होईना त्यास मिळाला. पुढच्या मुलास तो मागावा लागू नये, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.